आईच्या सलाईनमधलं दुधाळ औषध

ताई,
मी सांगोला तालुक्यातून लिहितेय. वय २७, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आई ५६ वर्षांची. जानेवारीत तिच्या छातीत गाठ निघाली, स्तनाचा कर्करोग; पुण्याला उपचार चालू आहेत. केमोच्या लाल औषधाच्या चार सायकल कशाबशा पार पडल्या. नंतर पॅक्लिटॅक्सेल या दुसऱ्या केमो औषधाचे दर आठवड्याला एक असे १२ डोस ठरले. पहिल्याच डोसला सलाईन लावून दहा मिनिटं झाली नसतील, आईचा चेहरा लालबुंद झाला, छाती दाटली, श्वास घेता येईना. सिस्टरांनी धावत येऊन सलाईन बंद केलं. आईला १२ वर्षांपासून शुगर आहे. डोसआधीच्या स्टेरॉइडनं ती साडेतीनशेच्या वर गेली. आता डॉक्टर म्हणतात, नॅनोवालं पॅक्लिटॅक्सेल देऊ. ते खूप महाग आहे. दादा दोन एकर डाळिंबातलं एक एकर विकायला निघालाय. त्यातच त्याला कुणीतरी 'नॅनो करक्युमिन'चे, म्हणजे हळदीतल्या द्रव्याचे, थेंब सुचवलेत. ते म्हणे थेट गाठीवर जाऊन बसतात, केमोची गरजच राहत नाही. आई माळकरी आहे. डॉक्टर 'अल्ब्युमिन' म्हणाले, दादानं फोनवर शोधलं तर अंड्यातलं पांढरं निघालं. तेव्हापासून आई म्हणते, मेले तरी घेणार नाही. आणि एवढं नवीन औषध म्हणजे आमच्यावर प्रयोग तर नाही ना? पुढच्या बुधवारी जायचंय. काय करू?
एक लेक, सांगोला

बाळ,

तुझं पत्र सकाळी वाचलं आणि हातातली कामं ठेवून उत्तर लिहायला बसले, कारण बुधवार जवळ आहे. मी १९ वर्षं रुग्णालयाच्या औषध विभागात आहे. केमोची औषधं कालवायच्या खोलीत माझा निम्मा जन्म गेला. तुझ्या आईंचे उपचार ठरवणं माझं काम नाही, ते त्यांच्या डॉक्टरांचंच. पण ती बाटली मी हातानं हाताळलेली आहे, म्हणून तिच्याबद्दल जे ठाऊक आहे ते तुला सांगते.

आधी अंड्याचं. बाकी सगळं ठरलं आणि आईंनीच हात पुढे केला नाही तर काय उपयोग? आईंना माझा निरोप सांग: या औषधात अंडं नाही. अल्ब्युमिन हे एका जातीच्या प्रथिनांचं नाव आहे. अंड्यात एक असतं, तुझ्या-माझ्या रक्तात दुसरं असतं. या इंजेक्शनमधलं अल्ब्युमिन माणसाच्या रक्तातलं आहे. दात्यांच्या रक्ताचा जो पिवळसर पाण्यासारखा भाग असतो, त्यातून ते शुद्ध करून काढतात. गावात रक्तदान शिबिर होतं तेव्हा माळकरी मंडळी रक्त देतातही आणि वेळ आली तर घेतातही. त्यातलाच हा प्रकार. हे सांगताना दादाला रागावू नकोस. त्यानं निदान शोधलं तरी.

आता हे नॅनोवालं औषध म्हणजे काय. तुमच्या घरी डाळिंब आहे, म्हणजे भगव्याची पेटी कशी भरतात ते मी तुला सांगायला नको. फळ तेच असतं. पण पोत्यात कोंबून पाठवलं तर बाजारात पोचेपर्यंत निम्मं ठेचलेलं निघतं, आणि खाली कात्रण घालून, एकेक फळ बसवून पेटी भरली तर परदेशातही धड पोचतं. आईंना पहिल्यांदा जे दिलं ते पॅक्लिटॅक्सेल आणि आता जे देणार आहेत तेही पॅक्लिटॅक्सेलच. फक्त पेटी बदलली आहे. नॅनो हे त्या पेटीचं वर्णन. कुणीही 'नॅनो' म्हटलं की तुझा पहिला प्रश्न हा असला पाहिजे, की आत काय भरलंय?

पॅक्लिटॅक्सेलचा त्रास असा, की ते पाण्यात विरघळत नाही. मुळात ते झाडाच्या सालीतलं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर यू नावाचं झाड आहे, त्याच्या सालीतून ते सापडलं. १९७१ मध्ये त्याची रचना जगापुढे मांडणाऱ्या दोन शास्त्रज्ञांपैकी एक होते मनसुख वाणी, आपल्या नंदुरबारमध्ये जन्मलेले, मुंबई विद्यापीठात शिकून अमेरिकेत गेलेले. हे आईंना मुद्दाम सांग. परक्या नावाच्या औषधात आपल्याकडचं कुणी निघालं की माणसाला धीर येतो, हे मी डे-केअरमध्ये खूपदा पाहिलंय.

तर औषध सापडलं, पण शिरेतून द्यायचं कसं? तेव्हा त्याला विरघळवायला एरंडेलापासून बनवलेलं एक रसायन आणि मद्यार्क यांचं मिश्रण वापरलं गेलं. साध्या पॅक्लिटॅक्सेलच्या बाटलीत आजही तेच असतं. आईंचा चेहरा लाल झाला, छाती दाटली, त्यामागे बहुतेक वेळा हे एरंडेली रसायन असतं, औषधाचा वाटा कमी. ते टाळायला म्हणून आधी स्टेरॉइड आणि अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं देतात, आणि स्टेरॉइडनं शुगर चढते. ते रसायन असं आहे, की सलाईनच्या साध्या प्लास्टिकच्या नळीतली द्रव्यंही ते ओढून घेतं. म्हणून त्यासाठी आम्हाला वेगळी नळी आणि मध्ये बारीक गाळणी लावावी लागते. एका औषधाला विरघळवण्यासाठी एवढा सगळा खटाटोप.

अल्ब्युमिनच्या कणांनी हा खटाटोप काढून टाकला. रक्तातलं अल्ब्युमिन नाहीतरी पाण्यात न मिसळणारे पदार्थ पाठीवर घेऊन फिरतच असतं. त्यालाच पॅक्लिटॅक्सेल बांधलं. कण सुमारे १३० नॅनोमीटरचे. माणसाच्या एका केसाच्या रुंदीत असे सहाशेच्या आसपास कण शेजारी शेजारी बसतील. एरंडेलाचं रसायन नाही, मद्यार्क नाही, बहुतेकांना आधी स्टेरॉइडही लागत नाही. सलाईन अर्ध्या तासात संपतं.

ही बाटली कालवताना तू पाहायला हवीस. आत तळाला पांढरट भुकटीची वडी असते. त्यात २० मिलिलिटर सलाईन घालायचं, तेही बाटलीच्या आतल्या भिंतीवरून, सावकाश, निदान एक मिनिट लावून. वडीवर थेट धार सोडली की फेस येतो आणि सगळं बिघडतं. मग पाच मिनिटं बाटलीला हात लावायचा नाही. नवीन मुलांना मी हे पहिल्यांदा शिकवते तेव्हा त्यांचा जीव या पाच मिनिटांत कासावीस होतो. नंतर बाटली हलकेच फिरवायची, खुळखुळवायची नाही. आतलं औषध दुधासारखं पांढरं होतं, गुठळी नाही, साका नाही. बुधवारी आईंच्या स्टँडवर पांढरी पिशवी दिसली तर घाबरू नका, ते तसंच असतं. साधं पॅक्लिटॅक्सेल पाण्यासारखं स्वच्छ दिसतं, म्हणून नातेवाईक हमखास विचारतात, 'सिस्टर, हे नासलं तर नाही?'

आणखी एक. कागदावर मिलिग्रॅमचा आकडा साध्या औषधापेक्षा मोठा दिसेल. तो चुकलेला नसतो. दोन्ही औषधांचे डोस वेगळे मोजतात, एकाच्या जागी दुसरं तेवढंच भरता येत नाही. म्हणूनच खोक्यावर 'अल्ब्युमिन बाउंड' किंवा 'प्रोटीन बाउंड' हे शब्द आहेत का ते तू स्वतः वाच. नुसत्या 'नॅनो' शब्दावर जाऊ नकोस. आपल्याकडे अल्ब्युमिन न वापरता इतर रीतींनी सूक्ष्म केलेलं पॅक्लिटॅक्सेलही बाजारात आलेलं आहे. डॉक्टरांनी जे लिहिलं तेच आणलंय ना, एवढंच पाहायचं.

म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्यामागे सरळ कारण आहे. आईंना रिअ‍ॅक्शन आली आणि स्टेरॉइड झेपत नाही. या दोन अडचणींसाठी ही पेटी उपयोगाची आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पण दादा जे ऐकून आलाय, थेट गाठीवर जाऊन बसतं वगैरे, ते या औषधाबाबतही खरं मानू नका.

हे मी जरा सविस्तर सांगते, कारण याच वाक्यावर लोकांची जमीन जाते. १९८६ मध्ये जपानमध्ये मात्सुमुरा आणि माएदा या दोघांनी दाखवलं, की गाठीतल्या नव्या रक्तवाहिन्या घाईघाईत बांधलेल्या असतात, त्यांना भेगा असतात, आणि त्या भेगांतून मोठे कण झिरपून गाठीत साठतात. त्यावर पुढे जगभर पुष्कळ काम झालं. उंदरांत परिणाम छान दिसायचे. २०१६ मध्ये मागच्या दहा वर्षांतले असे प्रयोग एकत्र करून हिशोब मांडला गेला, तेव्हा दिलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत पोचणाऱ्यांचं मधलं प्रमाण निघालं ०.७ टक्के. शंभरातला एकही नाही. बाकीचे कण यकृत, प्लीहा आणि इतर ठिकाणी जातात. तरी औषध काम करतं, कारण साधं औषधही असंच सगळीकडे पसरूनच काम करत असतं. म्हणून केस याही औषधानं जातात. आईंचे थोडे उगवू लागले असतील तर ते पुन्हा जातील, हे आधीच सांगून ठेव.

आकडेही पाहा. २००५ मध्ये जाहीर झालेल्या मोठ्या चाचणीत, आजार पसरलेल्या स्त्रियांमध्ये, तीन आठवड्यांनी एकदा देण्याच्या पद्धतीत अल्ब्युमिनवाल्या औषधानं ३३ टक्के जणींची गाठ आटोक्यात आली, साध्यानं १९ टक्के. पण पुढे अमेरिकेत दर आठवड्याच्या डोसांची तुलना केली तेव्हा हे महाग औषध साध्यापेक्षा सरस ठरलं नाही, उलट त्रास जास्त झाला. ज्या बाईला साधं पॅक्लिटॅक्सेल नीट सोसतंय तिनं केवळ 'नॅनो चांगलं' म्हणून कर्ज काढावं, असं मी कधीच सांगणार नाही. तुझ्या आईंना ते सोसलेलं नाही, म्हणून त्यांची गोष्ट वेगळी.

आता ज्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते ते. आईंना १२ वर्षांची शुगर आहे. तळपायाला मुंग्या येतात का? चप्पल पायातून निसटलेली कळत नाही असं होतं का? तू पत्रात लिहिलेलं नाहीस आणि बहुधा आईंनी डॉक्टरांनाही सांगितलेलं नसेल. आपल्या आया 'एवढ्या-तेवढ्याला काय सांगायचं' म्हणून गप्प राहतात. पॅक्लिटॅक्सेल नसांना बधिर करतं, आणि हे अल्ब्युमिनवालं जास्त करतं. त्याच २००५ च्या चाचणीत गंभीर बधिरपणा या औषधानं १० टक्के जणींना आला, साध्यानं २ टक्के. शुगरनं नसा आधीच थकलेल्या असतील तर डॉक्टरांना हे सलाईन लावायच्या आधी कळलंच पाहिजे. मग ते डोस ठरवताना ते धरतील, किंवा वेगळा विचार करतील.

घरी गेलीस की आज संध्याकाळीच पाहा. आईंना डोळे मिटायला सांग आणि पायाच्या बोटांना कापसानं हळूच स्पर्श कर. कोणतं बोट ते सांगता येतं का? ब्लाउजचे हुक लावताना, साडीला पिन लावताना बोटं अडखळतात का? जे दिसेल ते वहीत तारखेसकट लिही. पुढे दर आठवड्याला हेच पाहायचं. त्रास वाढू लागला तर वेळीच डोस कमी करता येतो, थांबवता येतो. उशीर झाला तर बधिरपणा महिनोन्‌महिने रेंगाळतो. आणि चुलीपाशी, गरम तव्यापाशी आता आईंना नको.

प्रयोगाचं विचारलंस. नाही गं. अल्ब्युमिनवालं पॅक्लिटॅक्सेल अमेरिकेत २००५ पासून मान्य आहे. आईंनी जे लाल औषध घेतलं, ते बहुधा डॉक्सोरुबिसिन असेल; त्याचंच चरबीच्या सूक्ष्म पिशव्यांत भरलेलं रूप १९९५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. तिथलं या जातीचं ते पहिलं औषध. त्या पिशव्यांना लायपोसोम म्हणतात. आणि हे सगळं परदेशातच घडलं असंही नाही. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशीवरचं अ‍ॅम्फोटेरिसिन लायपोसोममध्ये भरून रुग्णांसाठी तयार करण्याचं मोठं काम केलं. साधं अ‍ॅम्फोटेरिसिन मूत्रपिंडावर फार जड जातं. पिशवीत भरलं की तो भार पुष्कळ हलका होतो. हेच औषध काळा आजारावरही, म्हणजे वाळूमाशीच्या चाव्यातून होणाऱ्या रोगावरही, वापरतात. बिहारमध्ये मुजफ्फरपूरला त्याच्या रुग्णांवर अभ्यास झाला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. साध्या औषधाच्या १५ सलाईनींनी जितके लोक बरे होत होते, जवळपास तितकेच लायपोसोमच्या एकाच सलाईननं झाले. विचार कर, महिनाभर रुग्णालयात पडून राहायचं की एक दिवस. मजुरी करणाऱ्या घरासाठी हा फरक केवढा.

२०२१ चा मे महिना तुलाही आठवत असेल. काळ्या बुरशीच्या रुग्णांचे नातेवाईक हातात चिठ्ठी घेऊन रात्री-अपरात्री आमच्या खिडकीशी उभे असायचे. त्या चिठ्ठीवर हेच लायपोसोमचं इंजेक्शन असायचं. आमच्याकडे ते संपलेलं असायचं आणि मला मान हलवावी लागायची. ती तोंडं मी विसरलेले नाही. म्हणून कुणी नॅनोला थोतांड म्हटलं तरी मला लागतं, आणि कुणी त्याच शब्दाच्या नावावर थेंब विकले तरी लागतं.

ते थेंब. हळद मलाही प्रिय आहे, माझ्या स्वयंपाकघरात ती रोज लागते. करक्युमिन पोटातून रक्तात नीट जात नाही हे खरं, आणि सूक्ष्म कण केले की ते जास्त शोषलं जातं हेही खरं. पण जास्त शोषलं जाणं वेगळं आणि गाठ बरी होणं वेगळं. कर्करोगात केमोऐवजी ते घेऊन चालतं असा पुरावा नाही. उलट, शोषण वाढवलेल्या हळदीच्या अर्कांनी काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. पॅक्लिटॅक्सेल शरीरातून बाहेर काढायचं काम यकृताचंच. ऐन केमोत त्यावर आणखी ओझं कशाला? वरणातली हळद चालू दे, थेंब नकोत. आणि दादाला हेही दाखव, की कर्करोग बरा करतो अशी औषधाची जाहिरात करणं १९५४ च्या कायद्यानं आपल्या देशात गुन्हा आहे. ज्याला कायदा मोडून विकावं लागतं त्याच्या बाटलीत काय आहे याची खात्री कोण देणार? काही भस्मांतही नॅनो कण सापडतात असंही दादा उद्या म्हणेल. सापडतात. पण कण बारीक असल्यानं औषध गाठीवर लागू पडतं असं होत नाही.

आता पैसा. एक एकर डाळिंब विकायची बोलणी बुधवारपर्यंत थांबवा, दादाला माझी शपथ घाल. आधी ही दारं ठोठवा.

पहिली गोष्ट, डॉक्टरांना विचार की साधंच पॅक्लिटॅक्सेल जास्त तयारीनं, अगदी सावकाश पुन्हा देऊन पाहता येईल का. रिअ‍ॅक्शन सौम्य असेल तर पुष्कळदा देतात. आईंच्या बाबतीत ती किती गंभीर होती आणि शुगरचं काय, हे बघून ते नको म्हणाले तर मान, वाद घालू नकोस. पण प्रश्न विचारायचा हक्क तुझा आहे.

रुग्णालय महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असेल तर तिथल्या योजनेच्या मदतनीसाला, म्हणजे आरोग्यमित्राला गाठ. रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेव. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि केमोची पॅकेजं त्यात आहेत. हे विशिष्ट इंजेक्शन कुठल्या पॅकेजमध्ये बसवता येईल हे तोच सांगेल. रुग्णालय धर्मादाय असेल तर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवणं त्याला बंधनकारक आहे. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, तो सोमवारीच काढायला टाक. समाजसेवा अधीक्षकांच्या खोलीत जाऊन बस. संकोच करू नकोस, ती खोली त्यासाठीच असते.

किंमत विचारताना छापील किमतीवर जाऊ नकोस. कर्करोगाच्या औषधांत छापील आणि प्रत्यक्ष किंमत यांत फार अंतर असतं. हे अंतर इतकं वाढलं होतं, की २०१९ मध्ये सरकारला अशा ४२ औषधांच्या विक्रीतल्या नफ्यावर ३० टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. एकाच औषधाचे दोन-तीन भारतीय ब्रँड असतात. डॉक्टरांना सरळ विचार, 'यातला कमी किमतीचा कुठला तुम्हाला चालेल?' भारतीय म्हणजे दुय्यम असं मनात आणू नकोस. २०१२ मध्ये अमेरिकेत लायपोसोमवाल्या लाल औषधाचा तुटवडा पडला, तेव्हा तिथल्या सरकारनं मुंबईच्या सन फार्माचं औषध मागवायला परवानगी दिली होती.

स्वस्तात मिळतंय म्हणून अनोळखी माणसाकडून मात्र एकही बाटली घ्यायची नाही. मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी एक टोळी पकडली, ती महागड्या कर्करोग-औषधांच्या रिकाम्या बाटल्या गोळा करून त्यात भलतंच भरून विकत होती. तेव्हा पक्कं बिल घ्यायचं, खोक्यावरचा बॅच नंबर बिलावर आहे का पाहायचं, त्याचा फोटो काढून ठेवायचा. आणि औषध संपल्यावर रिकामी बाटली व खोकं निकामी करायला सिस्टरांना सांगायचं. शक्यतो औषध रुग्णालयाच्या दुकानातूनच, त्याच दिवशी घ्या. सांगोल्याहून एस.टी.च्या उन्हात पिशवीतून बाटल्या नेऊ नका; खोक्यावर तापमान लिहिलेलं असतं, ते पाळलं गेलं पाहिजे.

बुधवारी सलाईन लावताना सिस्टरांना मागच्या वेळचं सगळं पुन्हा एकदा सांग. फाईलमध्ये असेल, तरी सांग. रिअ‍ॅक्शन या औषधालाही येऊ शकते, क्वचित का होईना. पहिला अर्धा तास तू आईंच्या उशाशी बस, चहाला जाऊ नकोस. सकाळची शुगर तपासून आकडा वहीत लिहून ने. आईंना पुढून उघडणारा सैल ब्लाउज घाल, पायात मोजे आणि मागून पट्टा असलेली चप्पल. त्या हरिपाठ म्हणत असतील तर म्हणू देत, अर्ध्या तासात सलाईन संपेल.

मुंग्यांचं काय निघालं ते मला आजच कळव.

तुझी,
ताई